नाव झाकलं, खूण राहिली

नावं उमटवणारे शिक्के तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, मित्रांनो. मी त्यांच्यातला नाही. मी नावं झाकणारा शिक्का आहे, आणि झाकून झाकून आता थकलो आहे. एका सरकारी टेबलाच्या खालच्या खणात मी पडून असतो. माझ्या शेजारी घडी घातलेला एक जिलेटिनच्या कागदाचा तारा आहे. तो इथे कसा आला, तेवढं सांगण्यापुरता मी आज बोलणार आहे.

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीतली माणसांची नावं मी बदलली आहेत. शहर कोणतं, तेही सांगणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत आहे, एवढं तुम्हाला पुरे. तुम्ही म्हणाल, काय हा आखडू शिक्का! पण जन्मभर जे काम केलं ते म्हातारपणी सुटत नाही.

माझा जन्म दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात झाला. दिसायला मी काही फार रुबाबदार नाही. मुठीत मावेल एवढं प्लॅस्टिकचं अंग, पोटात काळी शाई आणि खाली फिरणारं एक रबरी चाक. त्या चाकावर अक्षरंच कोरलेली आहेत, पण ती एकमेकांत अशी घुसवली आहेत की त्यांतून एकही शब्द तयार होत नाही. एखाद्या नावावरून मला फिरवलं की माझी ही बिनअर्थाची अक्षरं त्या नावावर चढून बसतात आणि खालचं काही वाचता येत नाही. माझ्याबरोबर तयार झालेले बाकीचे शिक्के 'मंजूर' म्हणायला शिकले, 'पोचले' म्हणायला शिकले. मला कोणी एक शब्दसुद्धा शिकवला नाही. तेव्हा मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मी आलो तो नगरपालिकेच्या फुटपाथ सेक्शनमध्ये. आमच्या शहरातले फुटपाथ रुंद आहेत, देखणे आहेत. त्यांवरून चालतं कोण, हा प्रश्न वेगळा. ज्याच्याकडे गाडी नाही तो, नाहीतर ज्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे तो. उन्हाळ्यात तर तेही दिसत नाहीत. पण जे चालतात त्यांना अडचणी येतात. कुठे फरशी उखडलेली असते, कुठे झाडाच्या मुळांनी रस्ता फुगवलेला असतो, कुठे दुकानदाराने खुर्च्या मांडलेल्या असतात. मग लोक तक्रार करतात. काही जण मोबाइलवरून करतात, काही जण स्वतः काउंटरवर येतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याला नोटीस जाते आणि नोटिशीला तक्रारीची छापील प्रत जोडावी लागते. त्या प्रतीवर तक्रार करणाऱ्याचं नाव, मोबाइल, ओळखपत्राचा नंबर, सही असं सगळं असतं. ते समोरच्याच्या हातात पडू नये म्हणून माझी नेमणूक झाली होती.

मला हातात धरायचे ते गुणवंत. ते पुण्याचे. बायको सुचित्रा आणि मुलगी ईश्वरी यांच्यासह बरीच वर्षं इथे राहिलेले. कामात अतिशय चोख. माझं टोपण काढायचं, नावावरून मला एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून फिरवायचं, शाईवर हलकी फुंकर घालायची आणि मग कागद खिडकीच्या उजेडात धरून मागून काही वाचता येतं का ते पाहायचं, अशी त्यांची रीत होती. कधी एखादं अक्षर डोकावलंच तर कागद उलटा करून पाठीवरूनही मला फिरवायचे. सेक्शनच्या प्रमुख शहरबानू मॅडम हैदराबादच्या. त्या कोणाचं सहसा कौतुक करत नाहीत. पण त्यांनीही एकदा मला हातात घेऊन पाहिलं आणि चीज अच्छी है, असं म्हणाल्या. त्या दिवशी मला आपला जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. लोक फुटपाथची तक्रार करायला येतात आणि घरातलं सगळं सांगून जातात. फरशी हलते एवढं लिहिलं तरी पुरतं, मित्रांनो. पण माणसाला वाटतं, आपली अडचण मोठी आहे हे पटवून दिल्याशिवाय आपलं कोण ऐकणार? मग सुनेला कितवा महिना लागला आहे, आईचा गुडघा कुठल्या डॉक्टरने उघडला, नोकरी गेल्यापासून नवरा पायीच कसा हिंडतो, हे सगळं त्या एका पानावर येतं. मी ते रोज वाचायचो आणि त्यातली नावं तेवढी झाकायचो. बाकीचं तसंच पुढे जायचं. माझ्या चाकाला त्याचं ओझं व्हायचं, पण मला कोण विचारतो?

अशात एक दिवस ब्रिजिट आली.

पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. ते तिने काउंटरजवळ आल्यावर काढून पर्समध्ये टाकलं. फॉर्म घेऊन ती बाजूच्या उंच टेबलाशी उभी राहिली आणि लिहिता लिहिता आपल्याशीच पुटपुटली, "आता इथे काय लिहू बाई." ते गुणवंतांच्या कानावर पडलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही मराठी?" ती म्हणाली, "वसईची." एवढ्या ओळखीवर तिला आतली खुर्ची मिळाली आणि चहाही मिळाला.

तिची अडचण अशी होती. ती एका मोठ्या कॅटरिंग कंपनीत रिसेप्शनला बसायची. कंपनीच्याच बिल्डिंगमध्ये तिला घर होतं आणि शेजारी कंपनीचं गोडाऊन. तिचा नवरा स्टॅनली पूर्वी हॉटेलात शेफ होता. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले. आता त्याला उजेड तेवढा कळायचा, बाकी काही नाही. नोकरी सुटली तशी डॉक्टरांनी रोज संध्याकाळी चालायला सांगितलं. बिल्डिंगसमोरच्या फुटपाथवर पिवळ्या फरशांची पट्टी आहे. उंचवट्यांच्या त्या फरशा तुम्हीही पाहिल्या असतील. ज्यांना दिसत नाही त्यांना त्या पायाने आणि काठीने वाचता येतात. त्या पट्टीवरून स्टॅनली एकटा जाऊन एकटा परत यायचा. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट तो कोणाच्या मदतीशिवाय करायचा.

आणि त्याच पट्टीवर कंपनीने पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट रचून ठेवले होते. गोडाऊनमध्ये जागा नाही म्हणून. स्टॅनलीला क्रेटला वळसा घालून रस्त्यावर उतरावं लागायचं. तिथे स्टाफच्या बस मागे घेतल्या जातात. गेल्या आठवड्यात एका बसचा आरसा त्याच्या खांद्याला घासून गेला. ड्रायव्हर खाली उतरून रडायला लागला आणि स्टॅनलीच त्याची समजूत काढत राहिला. हे सांगताना ब्रिजिटने चहाचा कप हातातून खाली ठेवला.

मग ती मुद्द्यावर आली. "सर, माझं नाव त्यांना कळणार नाही ना? नोकरी त्यांची, घर त्यांचं, व्हिसा त्यांचा. आणि स्टॅनलीचा व्हिसा माझ्यावर आहे. माझं गेलं की दोघांचं खलास."

गुणवंतांनी एका कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, माझं टोपण काढलं आणि मला त्यावरून फिरवलं. कागद तिच्यासमोर सरकवून म्हणाले, "वाचून दाखवा." तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडात धरला. शेवटी हसून मान हलवली. मीही आतल्या आत छाती फुगवली.

तिने लिहायला घेतलं. पत्त्याच्या रकान्यापाशी ती अडली. फ्लॅट नंबर टाकू का, असं तिने विचारलं.

"अजिबात नको," गुणवंत म्हणाले. "फ्लॅट नंबर म्हणजे तुमचं नावच झालं. नुसती खूण टाका. आमच्या इन्स्पेक्टरला जागा सापडली म्हणजे बस."

"खूण काय सांगू? सगळ्या बिल्डिंगा एकसारख्या आहेत."

"दुरून दिसेल असं काहीतरी."

ब्रिजिटने थोडा विचार केला. "आमच्या बाल्कनीत तारा असतो. नाताळचा. पण आम्ही तो वर्षभर ठेवतो, संध्याकाळी दिवा लावतो. स्टॅनलीला तेवढा उजेड दिसतो ना, त्यावरून त्याला घर कळतं."

"मग झालं तर. तारा लावलेल्या बाल्कनीखाली, असं लिहा. यल्ला, चला, दोन मिनिटांत पोचेल आमचा माणूस."

तुम्हाला इथेच काहीतरी खटकलं असेल, मित्रांनो. मला खटकलं नाही, आणि गुणवंतांनाही नाही. इथे पत्ता सांगायची पद्धतच ती. अमक्या सुपरमार्केटच्या मागे, तमक्या मशिदीसमोर, निळ्या टाकीच्या डावीकडे. घरी जेवण मागवायचं तरी आधी खूण सांगावी लागते. गुणवंतांच्या अंगात ती सवय इतकी भिनली होती की खूण म्हणजे जागेचीच, असं ते धरून चालले. खूण माणसाचीही असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि खुणेचा रकाना आम्ही कधीच झाकत नव्हतो. तो झाकला तर जागा सापडणार कशी?

ब्रिजिट गेल्यावर गुणवंतांनी मला हातात घेतलं. नावावरून दोनदा फिरवलं, मोबाइलवरून दोनदा, सहीवरून तर तीन-तीनदा. आपल्या माणसाचं काम म्हणून त्यांनी त्या दिवशी जास्तच काळजी घेतली. कागद खिडकीत धरला. काहीही दिसत नव्हतं. मग नोटिशीला प्रत जोडली आणि इद्रीस ती घेऊन गेला. इद्रीस आमचा इन्स्पेक्टर, अबोल माणूस. त्याने जाऊन फोटो काढले, कंपनीला नोटीस दिली, आणि आठवडा उलटायच्या आत फुटपाथ मोकळा झाला. गुणवंतांनी फाइल बंद करून सुचित्राला फोन लावला आणि आज एक चांगलं काम झालं, असं सांगितलं. मी टेबलावर ऐटीत उभा होतो.

ती ऐट फार टिकली नाही. ब्रिजिट परत आली तेव्हा तिच्या हातात एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीतून बांबूच्या काड्या बाहेर आल्या होत्या.

या वेळी तिने ओळखपत्र गळ्यातून काढलं नव्हतं. ती खुर्चीवरही बसली नाही. फार सावकाश बोलली. "सर, नाव तुम्ही छान झाकलंत. आमच्या कॅम्प बॉसने मला कागद दाखवला." स्टाफच्या बिल्डिंगा सांभाळणाऱ्याला इथे कॅम्प बॉस म्हणतात. "नावावर काळं, नंबरावर काळं. मग त्याने खाली एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, सिस्टर, आपका स्टार बहुत दूर से दिखता है."

तो ओरडला नव्हता. तिला कामावरूनही काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये फक्त एक सूचना लागली की यापुढे कोणीही बाल्कनीत काही टांगायचं नाही. सूचना सगळ्या बिल्डिंगला होती, पण टांगलेलं एकाच बाल्कनीत होतं. आणि ब्रिजिटचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता. त्याचे कागद टायपिंग सेंटरला, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, जायचे होते, ते कॅम्प बॉसच्या टेबलावरून हलतच नव्हते. तिने विचारलं की तो म्हणायचा, इन्शाल्ला, देवाच्या मनात असेल तर. खरं सांगतो मित्रांनो, इन्शाल्ला हा किती प्रेमळ शब्द आहे. त्याचीही माणसाला भीती वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

"मला एक लेटर द्या सर," ब्रिजिट म्हणाली. "ही तक्रार ब्रिजिटने केलेली नाही, एवढंच लिहा. तुमचा शिक्का असला की ते मानतील."

गुणवंतांचा चेहरा उतरला. खोटं लिहायचं कसं, हा प्रश्न होताच. पण त्याहून अवघड एक गोष्ट होती. फुटपाथ सेक्शनच्या पत्रावर ब्रिजिटचं नाव आलं, मग त्या पत्रात काहीही लिहिलेलं असो, की कॅम्प बॉसला हवं ते उत्तर आपोआप मिळणार होतं. त्यांनी तिला ते समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने पिशवी काउंटरवर ठेवली.

"हा इथे राहू दे. घरी असला की स्टॅनली सारखा हात लावून बघतो. विचारतो, लावला का गं? मी रोज काय सांगू?"

ती गेल्यावर गुणवंतांनी तारा बाहेर काढला. तिच्या भावाने वसईत बनवलेला, घडी होणाऱ्या काड्यांचा, लाल आणि पिवळ्या जिलेटिनचा. नंतर तारा आणि ती प्रत घेऊन शहरबानू मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मला त्यांनी नेहमीच्या सवयीने खिशात टाकलं होतं, म्हणून तिथलं बोलणं मला ऐकता आलं.

मॅडमनी प्रत उजेडात धरली. उलटी केली. नाम तो नहीं दिख रहा, असं म्हणाल्या. मग त्यांचा डोळा खालच्या ओळीवर गेला. त्यांनी तारा पाहिला, पुन्हा ती ओळ पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गुणवंत, ये तो नाम से भी बड़ा नाम है."

"मैंने ही लिखवाया, मॅडम," गुणवंत म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

मला वाटलं, आता त्या रागावतील. त्या रागावल्या असत्या तर गुणवंतांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी समोरची खुर्ची दाखवली आणि विचारलं, क्रेट इद्रीसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते का? फोटो आहेत का? दोन्हीची उत्तरं हो अशी होती. मग फुटपाथ अडवल्याचं आपल्याच माणसाने पाहिलं आहे, त्या म्हणाल्या. यात आणखी कोणाची गरजच काय? त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला पत्र लिहिलं. हा विषय आता सेक्शनने स्वतःच्या नावावर घेतला आहे. काही विचारायचं असेल तर सेक्शनला विचारा. आमचा इन्स्पेक्टर महिनाअखेर पुन्हा येईल, आणि कोणत्याही रहिवाशाला यावरून त्रास झाल्याचं दिसलं तर ते कामगार खात्याला कळवलं जाईल. पत्रात ब्रिजिटचं नाव नव्हतं, बाल्कनी नव्हती, तारा नव्हता. एकही शब्द खोटाही नव्हता.

मग त्या गुणवंतांना म्हणाल्या, "अब से खंबे का नंबर लिखो. आदमी की निशानी नहीं. और जो चाहिए नहीं, वो पूछो ही मत."

आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याच्या खांबाला नंबर असतो, मित्रांनो. मोठ्या अक्षरांत रंगवलेला, अगदी डोळ्यांसमोर. इतकी वर्षं तो तिथे होता आणि आम्ही लोकांना त्यांच्या घराच्या खुणा विचारत बसलो होतो. त्या आठवड्यात काउंटरवरचा फॉर्म बदलला. कोणता खांब आणि काय अडचण, एवढंच त्यात राहिलं. नाव द्यायचं असेल त्याने वेगळ्या चिठ्ठीवर द्यावं, म्हणजे उत्तर पाठवता येईल. ती चिठ्ठी कार्यालयाबाहेर जाणार नाही, असं ठरलं. सुनेचा महिना नको, आईचा गुडघा नको. लोकांना सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. एक गृहस्थ तर माझं दुःख लिहायला जागाच ठेवली नाही म्हणून गुणवंतांशी भांडले.

आणि माझं काय झालं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझं काम आटलं. दिवसाकाठी एखादा जुना कागद, मग आठवड्याला एखादा. चाकावरची शाई वाळायला लागली. चाक अडखळायला लागलं. रागवावं तर कोणावर? जे लिहिलंच नाही ते झाकायचं काय, हे मला पटत होतं. पण पटलं म्हणून एकटं वाटायचं थोडंच थांबतं?

महिनाअखेर इद्रीस पुन्हा त्या फुटपाथवर जाऊन आला. येताच तो काउंटरपाशी उभा राहिला. गुणवंतांनी त्याच्यासाठी चहा मागवला, पण त्याने घेतला नाही. फुटपाथ मोकळा होता, त्याने सांगितलं. पिवळ्या फरशा धुतलेल्या होत्या. तिथल्या वॉचमनच्या बोलण्यातून त्याला कळलं की व्हिसाचे कागद टायपिंग सेंटरला गेले होते. मात्र बाईंना रिसेप्शनवरून उठवून गोडाऊनमागच्या खोलीत बसवलं होतं. पगार तोच, पण तिथे खिडकी नाही. कामगार खात्याला कळवायचं तर पुन्हा तिचंच नाव द्यावं लागलं असतं. गुणवंतांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, सांगायचं ते इद्रीसने सांगितलं.

पण इद्रीसचं बोलणं संपलं नव्हतं. अबोल माणूस एकदा बोलायला लागला की त्याला थांबवता येत नाही. संध्याकाळ होत आली तेव्हा त्याला स्टॅनली दिसला होता. काठी टेकत, पिवळ्या पट्टीवरून अगदी सरळ येत होता. एकदाही अडखळला नाही. आपल्या बिल्डिंगच्या दारापाशी आला आणि थांबलाच नाही. तसाच पुढे गेला. दार मागे पडलं, बिल्डिंग मागे पडली. पुढे गोडाऊनचं फाटक होतं आणि तिथे फोर्कलिफ्ट मागे येत होती. इद्रीस धावला आणि त्याने स्टॅनलीचा दंड धरला.

स्टॅनली घाबरला नाही. उलट हसला. म्हणाला, "स्टार नहीं है ना भाई. घर कब आया, समझता ही नहीं."

फुटपाथ मोकळा झाला होता, मित्रांनो. तक्रार यशस्वी झाली होती. आणि ज्याच्यासाठी झाली होती त्याला आपलं घर सापडत नव्हतं. इद्रीसचा चहा तसाच राहिला. माझं रडू कोणाला दिसत नाही, पण त्या दिवशी माझ्या पोटातली शाई टोपणातून गळून टेबलावर मोठा डाग पडला. गुणवंतांनी तो पुसलासुद्धा नाही.

ते उठून कपाटापाशी गेले आणि फुटपाथचे नकाशे काढले. त्या पिवळ्या फरशा दोन प्रकारच्या असतात, हे मला तेव्हाच कळलं. लांब रेघांची फरशी म्हणजे चालत राहा. गोल ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा, इथे काहीतरी आहे. रस्ता ओलांडायच्या जागी ठिपके असतात. बिल्डिंगच्या दारापाशी ते टाकू नयेत असं कुठेच लिहिलेलं नाही, फक्त कोणी कधी टाकले नव्हते. गुणवंतांनी शहरबानू मॅडमना नकाशा दाखवला. त्यांनी कोणाच्या दारापाशी, असं विचारलं नाही. सही केली.

मग गुणवंत कामाचा आदेश लिहायला बसले. खांबाचा नंबर. त्याच्या समोरचं प्रवेशद्वार. ठिपक्यांच्या फरशा बसवणे. कारण, पादचाऱ्यांची सोय. कागद ठेकेदाराकडे जायचा होता, म्हणून सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. त्यांनी मला उचललं, टोपण काढलं आणि कागदावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. परत एकदा फिरवली. त्या कागदावर झाकण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी टोपण लावलं, मला खणात ठेवलं आणि त्या ताऱ्याची घडी घालून माझ्या शेजारी ठेवली. त्या हातात मी पुन्हा गेलो नाही.

फरशा बसल्यावर इद्रीस मुद्दाम संध्याकाळचा तिकडे गेला होता. आल्यावर गुणवंतांना सांगत होता, ते मी खणातून ऐकलं. स्टॅनली दारापाशी आला. काठी ठिपक्यांवर लागली. तो थांबला, बूट घासून पाहिला, आणि वळून आत गेला. दुसऱ्या दिवशी इद्रीसने त्याला सलाम केला तेव्हा त्याने विचारलं, हे कोणी केलं? म्युनिसिपालिटीने, असं इद्रीस म्हणाला. पण सांगितलं कोणी असेल, स्टॅनलीने विचारलं, तक्रार कोणाची होती?

"किसी की नहीं," इद्रीस म्हणाला.

स्टॅनलीने त्या फरशीवर पुन्हा एकदा काठी टेकली आणि म्हणाला, अच्छा है.

ब्रिजिट परत कधी आली नाही. आमच्या काउंटरवर दिसणं तिला परवडणारं नाही, हे मी समजू शकतो. ती अजून त्या बिनखिडकीच्या खोलीत बसते की नाही, मला माहीत नाही. गुणवंत अधूनमधून खण उघडतात, ताऱ्याकडे पाहतात आणि बंद करतात.

मित्रांनो, शिक्क्याचं ऐकायची तुम्हाला सवय नसेल, तरी माझी एक विनंती ऐका. कोणी विश्वासाने तुम्हाला आपलं काही सांगितलं, तर नुसतं नाव गाळून ते पुढे सांगू नका. "नाव नाही सांगत, पण आपल्या वर्गातली ती, जिचे बाबा..." असं म्हटलंत की झालं. नाव तर तुम्ही घेतलंत. मी आयुष्यभर नावं झाकली, आणि माणसं उघडी राहिली. माझ्यात दोष नव्हता, गुणवंतांच्या मनात खोट नव्हती, तरी एका बाईची खिडकी गेली आणि एका माणसाच्या घरासमोरचा उजेड गेला. ज्याची गरज नाही ते विचारू नका. विचारून झालंच असेल तर ते आपल्यापाशीच ठेवा.

माझ्या पोटात अजून थोडी शाई आहे. ती वापरायची वेळ आता कोणावर येऊ नये. शेजारच्या ताऱ्याचं मात्र मला वाईट वाटतं. त्याची एक काडी सुटू लागली आहे. कोणीतरी यावं आणि त्याला घेऊन जावं, एखाद्या बाल्कनीत लावावं, एवढंच मला वाटतं. बाल्कनी कोणाची, ते मी विचारणार नाही.